वहीच्या शेवटच्या पानावरच्या सात ओळी: ही जुनी इंग्रजी गाणी कोणी ओळखील का?

थिवीकर

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात गोव्यात थिवीच्या आमच्या घराची कौले बदलण्याचे काम काढले, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या थोरल्या बहिणीची आठवीतील भूगोलाची वही सापडली. वहीच्या शेवटच्या पानावर निळ्या शाईने, देवनागरीत, सात ओळी लिहिलेल्या आहेत आणि कोपऱ्यात 'लग्न, जानेवारी ८२' एवढीच नोंद आहे. ते लग्न मला चांगले आठवते. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबातील थोरल्या मुलीचे ते लग्न होते, नाताळ आटोपल्यावर त्यांच्या अंगणात माडाच्या झावळ्यांचा माटव, म्हणजे मांडव, घातला होता आणि एका टोकाला बाके जोडून त्यावर बँड बसवला होता. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमच्या घरी नाट्यगीते आणि अभंग यांपलीकडचे संगीत फारसे येत नसे, त्यामुळे ट्रम्पेट नावाचे वाद्य मी त्या रात्री पहिल्यांदाच हाताच्या अंतरावरून पाहिले.

ताईला त्या वेळी इंग्रजी बेताचेच येत होते. मराठी शाळेत पाचवीपासून जेवढे शिकवीत तेवढेच. कानावर जे पडले ते तिने जसेच्या तसे उतरवले असावे. पहिली ओळ आहे 'ऊना फलोमा ब्लाका'. त्याखाली 'रासपुती', 'हा हा कूफू', 'बायदी रिवर बाबिलो', 'चुक चुक वनवे तिकेट', 'वंटा नामेरा' आणि सर्वांत शेवटी 'चेंजुवा पाटना' अशा ओळी आहेत. यांपैकी पहिल्या गाण्याची चाल मला आजही पूर्ण येते. केक कापून झाल्यावर बँडने तेच वाजवले होते, आणि ट्रम्पेटवाला प्रत्येक कडव्याच्या आधी एक छोटासा उड्या मारणारा तुकडा वाजवीत असे. आमच्याकडे सगळे जण त्याला 'पोर्तुगीज गाणे' म्हणत. मी पोर्तुगीज गाण्यांच्या बऱ्याच यादींत शोधले, पण ते कोठेही मिळाले नाही. शेवटी पाचवी चाल फोनसमोर गुणगुणून पाहिली, तर फोनने मला चक्क एक हिंदी गाणे दाखवले.

सर्व ओळींचा उलगडा झाला तर आनंदच आहे, पण पहिली आणि शेवटची यांची मला विशेष उत्सुकता आहे. पाटणा शहराचा पाश्चात्त्य संगीताशी काय संबंध असावा, हे मला चाळीस वर्षांनंतरही कळलेले नाही.

मांडवीतीर

आपण दिलेल्या ओळींवरून ही सर्व गाणी बोनी एम या डिस्को समूहाची आहेत असे मी खात्रीने सांगू शकतो. त्या काळात गोव्यात दुसरे काही वाजतच नव्हते. 'रासपुती' म्हणजे 'रास्पुतिन' आणि 'बाबिलो' म्हणजे 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन', ही दोन्ही १९७८ सालची. उरलेली त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला असतील.

म्हापशाचा टेपवाला

मांडवीतीर यांनी सांगितलेली दोन नावे बरोबर आहेत, पण 'सर्व' हा शब्द त्यांनी मागे घ्यावा अशी विनंती आहे. गोव्यात ज्या नाचाच्या गाण्याचा धनी सापडत नाही, ते बोनी एमच्या खात्यावर टाकण्याची पद्धत फार जुनी आहे, आणि ती पाडण्यात माझाही थोडा हात आहे. मी १९७९ पासून सहा वर्षे कॅसेट भरून देणाऱ्या एका दुकानात काम केले. गिऱ्हाईक कोरी कॅसेट घेऊन येई आणि आम्ही आमच्याजवळच्या रेकॉर्डवरून किंवा दुसऱ्या टेपवरून तिच्यात गाणी भरून देत असू. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला अर्धा तास मिळतो. साधारण आठ गाणी त्यात बसत आणि नववे गाणे मध्येच तुटे. ते तुटलेले गाणे तसेच ठेवायचे की पुसायचे, यावरून गिऱ्हाइकाशी रोज वाद होई. नव्वद मिनिटांची कॅसेट घ्या म्हटले तर ती फीत पातळ असल्यामुळे यंत्रात अडकते, हे गिऱ्हाइकालाही अनुभवाने ठाऊक झालेले असे.

खरा घोटाळा मात्र नावांचा होता. रेकॉर्डच्या वेष्टणावर गाण्याचे, गायकाचे आणि कंपनीचे नाव छापलेले असते. आम्ही भरून दिलेल्या कॅसेटवर 'इंग्लिश डान्स १', 'इंग्लिश डान्स २' यापलीकडे काही लिहिलेले नसे. त्या कॅसेटवरून दुसऱ्याने तिसरी कॅसेट भरून घेतली की उरलेसुरले नावही गळून पडे. म्हणून गाणी विसरली गेली असे म्हणणे मला पटत नाही. चाल तर आपणास पूर्ण येतेच आहे. हरवले आहे ते फक्त नाव, आणि ते आमच्यासारख्यांच्या काउंटरवरच हरवले.

आता आपल्या पहिल्या ओळीकडे येतो. ते गाणे 'ऊना पालोमा ब्लांका' आहे, सन १९७५, आणि गाणारा समूह जॉर्ज बेकर सिलेक्शन हा हॉलंडचा. जॉर्ज बेकर हे या गायकाचे रंगमंचावरचे नाव आहे. खरे नाव हान्स बौवेन्स, आणि गाणे त्यानेच लिहिले. बहुतेक शब्द इंग्रजी आहेत, फक्त ध्रुपदात तेवढी ती परकी ओळ येते, त्यामुळे पोर्तुगीज असल्याचा समज होणे स्वाभाविक होते. आपण म्हणता तो उड्या मारणारा तुकडा मूळ ध्वनिमुद्रणात बासरीसारख्या हलक्या स्वराचा आहे. ट्रम्पेट हे त्या बँडचे स्वतःचे डोके. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील वुर्झल्स नावाच्या गावरान ढंगाच्या मंडळींनी याच चालीवर सफरचंदाच्या दारूचे विनोदी गाणे रचले आणि ते तिकडे तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. आमच्याकडे कोणी काजूच्या फेणीवर तसे का रचले नाही, याचे मला अजून आश्चर्य वाटते.

'हा हा कूफू' म्हणजे 'कुंग फू फायटिंग', १९७४, गायक कार्ल डग्लस. हे गाणे रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत उरकले होते आणि नंतर ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही ठिकाणी पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचा निर्माता बिड्डू हा मूळचा बंगळूरचा. १९८० मध्ये 'कुर्बानी'तील नाझिया हसनचे 'आप जैसा कोई' त्यानेच केले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण दोन्ही गाण्यांमागे एकच माणूस आहे, हे दुकानात सांगितले की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने पाही.

अल्तिनो

मी वयाने या चर्चेतील बहुतेकांपेक्षा मोठा असेन, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो, त्याबद्दल क्षमा असावी. माझे शिक्षण मुक्तीपूर्वी पणजीच्या लिसेऊमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, झाले आणि घरी आम्ही मराठी बोलत असलो तरी शाळेत पोर्तुगीज व्याकरणासाठी छड्या खाल्लेल्या आहेत. त्या छड्यांना स्मरून सांगतो की 'ऊना पालोमा ब्लांका' हे शब्द पोर्तुगीज नाहीत, ते स्पॅनिश आहेत. पांढरे कबूतर असा त्यांचा अर्थ. पोर्तुगीजमध्ये हेच सांगायचे तर 'ऊमा पोंबा ब्रांका' म्हणावे लागेल. 'ऊना' आणि 'ऊमा' यांत एका अक्षराचा फरक आहे, पण लिसेऊमध्ये त्या एका अक्षरासाठी अर्धा गुण कापला जाई.

गोव्यातील लग्नांत स्पॅनिश शब्दांचे प्रत्येक गाणे पोर्तुगीज मानले जाण्याचे कारण माझ्या मते भाषेच्या अज्ञानाइतकेच भावनेचेही होते. १९६१ नंतर पोर्तुगीज शिकणारी मुले झपाट्याने कमी झाली, पण ज्या घरांतून ती भाषा बोलली जात होती तेथे तिच्या नादाची ओढ राहिली. बँडने काही 'आ'कारान्त, अनुनासिक शब्द म्हटले की म्हाताऱ्या मंडळींचे डोळे पाणावत. शब्द कोणत्या देशाचे आहेत हे तपासण्याच्या मनःस्थितीत ती नसत. आमच्या तरुणपणी ही सोय रेडिओवर होती. १९४६ मध्ये सुरू झालेले 'एमिसोरा द गोवा' हे पणजीचे नभोवाणी केंद्र पोर्तुगीज गाणी लावीत असे, आणि मुक्तीनंतर तेच आकाशवाणीकडे आले.

आपली सहावी ओळ, 'वंटा नामेरा', हीही याच कुळातील आहे. ते गाणे 'ग्वांतानामेरा' आहे, म्हणजे ग्वांतानामो प्रांतातील स्त्री, आणि ते क्यूबा देशाचे आहे. 'नामेरा'तील 'मेरा' हिंदी नव्हे, हे येथे सांगून ठेवतो, कारण माझ्या एका मेव्हण्याने त्यावरून 'घंटा ना मेरा' असे म्हणत आयुष्य काढले. त्याचे शब्द क्यूबाचे कवी आणि स्वातंत्र्यसैनिक होसे मार्ती यांच्या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'साधी कवने' अशा अर्थाच्या संग्रहातून घेतले आहेत. चाल मात्र होसेईतो फर्नांदेस याच्या रेडिओवरील गाण्याची. पीट सीगर या अमेरिकन गायकाने १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ते गायले आणि १९६६ मध्ये सँडपायपर्स या समूहाच्या मुखातून ते जगभर गेले. म्हणजे स्वातंत्र्यासाठी रणांगणावर मेलेल्या कवीचे शब्द थिवीच्या माटवात केक आणि पेल्यांच्या संगतीने वाजले, आणि ते कोणाचे हे वाजवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. मार्तींना त्याचा राग आला असता असे मला वाटत नाही.

'बॅबिलॉन'बद्दल एकच गोष्ट जोडतो. ते मुळात बायबलमधील एकशे सदतिसावे स्तोत्र आहे. बॅबिलॉनच्या नद्यांकाठी बसून आम्ही रडलो, असे निर्वासित यहुद्यांचे ते गाऱ्हाणे. जमैकाच्या मेलोडियन्स या त्रयीने ते १९७० मध्ये गायले आणि बोनी एमने त्यांच्याकडून घेतले. आमच्या शेजारच्या आजीला नाचाची गाणी मुळीच खपत नसत, पण हे लागले की ती गुडघ्यावरची जपमाळ न थांबवता मान डोलावी.

थिवीकर

टेपवाले आणि अल्तिनो यांचे मनापासून आभार. 'ऊना पालोमा ब्लांका' काल रात्री ऐकले. खरे सांगायचे तर पहिल्या ऐकण्यात थोडी निराशा झाली. चाल तीच आहे, पण माझ्या आठवणीपेक्षा ती बरीच जलद आहे, स्वरही निराळ्या उंचीवर आहे आणि तो उड्यांचा तुकडा इतका नाजूक आहे की मला प्रथम हे दुसरेच गाणे वाटले. तिसऱ्यांदा ऐकताना मी डोळे मिटून त्यात मनानेच ट्रम्पेट घातला, तेव्हा कोठे ओळख पटली.

पाचव्या ओळीबद्दल कोणी काहीच बोलले नाही. फोनने हिंदी गाणे का दाखवले असेल?

फोंड्याची पेटी

आपल्या फोनने चूक केलेली नाही. मी पेटी वाजवतो आणि भजनी मंडळांना साथ करतो, त्यामुळे गुणगुणून गाणे शोधण्याची ही सोय २०२० मध्ये गुगलने आणली तेव्हापासून मी तिची बरीच परीक्षा घेतलेली आहे. हे यंत्र शब्द पाहत नाही, आवाजाचा पोतही पाहत नाही. एका स्वरावरून दुसरा किती वर गेला, किती खाली आला, किती वेळ टिकला, एवढाच चढउतार ते आकड्यांत उतरवते आणि आपल्या साठ्यातील चढउतारांशी ताडून पाहते. म्हणून पट्टी चुकली तरी चालते, भसाडा आवाजही चालतो. मात्र एकाच चालीची दोन गाणी साठ्यात असली, तर कोणते पुढे करायचे हे त्याचे ते ठरवते, आणि भारतातून विचारणाऱ्याला बहुधा हिंदी हाती लागते.

आपली पाचवी ओळ 'वन वे टिकिट' आहे. इरप्शन या समूहाने ते १९७९ मध्ये गायले आणि पुढच्याच वर्षी 'प्यारा दुश्मन' चित्रपटात बप्पी लाहिरींनी त्या चालीवर 'हरी ओम हरी' केले. गायिका उषा उथुप. आपणास फोनने हेच दाखवले असणार. लाहिरींनी ही वाट पुढेही सोडली नाही. 'डिस्को डान्सर'मधील 'जिमी जिमी' १९८० च्या एका फ्रेंच डिस्को गाण्यावर आहे आणि 'औवा औवा' हे बगल्स यांच्या 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वर. ते एकटेच होते असेही नाही. 'शोले'तील 'मेहबूबा मेहबूबा' ज्या चालीवरून आले ते डेमिस रूसोस याचे गाणे आज किती जणांना आठवते? नक्कल टिकली आणि मूळ विस्मरणात गेले, अशी ही उलटी गंगा आहे. नकलेचे समर्थन मी करीत नाही, पण शोधणाऱ्याने मात्र तिचा उपयोग अवश्य करावा. इंग्रजी गाण्याचे नाव आठवत नसेल तर त्या चालीचे हिंदी गाणे आठवते का, हे आधी पाहावे. माझी निम्मी कोडी त्या मार्गाने सुटली आहेत.

'वन वे टिकिट'ची आणखी एक मौज सांगण्याचा मोह आवरत नाही. इरप्शनचेही ते मूळ नव्हे. १९५९ मध्ये नील सेडाका याने ते गायले होते, 'ओ कॅरॉल'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला. त्यात विरहाने पोळलेला नायक आगगाडीचे एकमार्गी तिकीट काढून निघतो आणि वाटेत ज्या ठिकाणांची नावे घेतो, ती सगळी आधीच्या दोनचार वर्षांत गाजलेल्या गाण्यांची नावे आहेत. एल्विस प्रेस्लीचे 'हार्टब्रेक हॉटेल' त्यात आहे, रिकी नेल्सनचे 'लोनसम टाउन' आहे. ऐकणाऱ्याला ती गाणी आठवत असतील तर तो हसतो, नाही तर त्याला ती नकाशावरची गावे वाटतात. माझ्या मुलाला ती गावेच वाटली.

मांडवीतीर

माझ्या पहिल्या उत्तरात घाई झाली हे मान्य करतो. तरीही मी अगदीच वाट चुकलो नव्हतो, असे आता नम्रपणे नोंदवतो, कारण इरप्शन आणि बोनी एम या दोन्हींचा निर्माता फ्रँक फारियान हा एकच जर्मन गृहस्थ होता. दोन्हींचा ठेका सारखा वाटतो तो उगाच नव्हे. बोनी एमच्या रेकॉर्डवरचा तो खर्जातला पुरुषी आवाजही फारियानचा स्वतःचाच आहे. मंचावर अंग घुसळीत नाचणारा बॉबी फॅरेल त्यावर फक्त ओठ हलवी. म्हापशाच्या एका जत्रेत आमच्या एका मित्राने फॅरेलसारखा पोशाख करून ते गाणे 'गायले' होते. तोही ओठच हलवीत होता, म्हणजे नकलेचीही अगदी प्रामाणिक नक्कल झाली म्हणायची. फॅरेल २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्गला वारला. तारीख ३० डिसेंबर, आणि ज्या रास्पुतिनवर त्याने आयुष्यभर नाच केला तोही १९१६ मध्ये त्याच शहरात त्याच तारखेला मारला गेला. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आपण त्याला नावे ठेवली असती.

जुना बासवाला

ही चर्चा मला माझ्या भाच्याने दाखवली. मी १९७६ ते १९९१ या काळात बार्देश तालुक्यातील एका लग्नाच्या बँडमध्ये बास गिटार वाजवीत असे. बँडचे नाव सांगत नाही, कारण आमच्यातील काहींनी मानधनाच्या वाटणीवरून अजून अबोला धरलेला आहे. त्या थिवीच्या लग्नात आम्ही होतो की दुसरे कोणी, ते मला सांगता येणार नाही. जानेवारीपासून कार्निव्हालपर्यंतच्या आठवड्यांत एवढी लग्ने असत की माटव आणि नवरी यांच्या जोड्या आता जुळत नाहीत. पण आपण जे लिहिले आहे ते आम्ही सर्वच जण करीत होतो, म्हणून थोडे सांगतो.

आम्हाला गाणी मिळत ती तारवट्यांकडून. बोटीवर नोकरी करणारा कोणाचा तरी भाऊ किंवा मेव्हणा वर्षाने घरी आला की त्याच्या पेटीत साबण आणि अत्तर यांच्यामध्ये दोनतीन कॅसेट असत. ती कॅसेट एका रात्रीपुरती मागून आणायची आणि स्वर उतरवून घ्यायचे. आमचा ट्रम्पेटवाला लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेला होता, त्यामुळे तो ऐकत ऐकत कागदावर टिपे मारीत जाई. आमच्या या भागातील बरीच मुले तेथेच सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, आणि व्हायोलिन शिकली, आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यमेळ लिहून देणारे सेबास्तियन डिसोझा किंवा माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे लोक त्याच परंपरेतून गेले. शब्दांचे मात्र हाल होत. आमचा गायक रोमी, म्हणजे रोमन, लिपीत ऐकू येईल तसे लिहून घेई. आपल्या बहिणीने देवनागरीत लिहिले, त्याने रोमीत, पण दोघांच्या अचूकतेत फारसा फरक नसावा. म्हणजे तिने चुकीचे ऐकले असे समजू नका. आम्ही गातच तसे होतो.

गाणे संथ का वाटले तेही सांगतो. केक कापल्यानंतर मंचासमोर वधूवरांबरोबर त्यांचे आईवडील, काका आणि मामी असे सर्व जण नाचायला उतरतात. त्यांना फॉक्सट्रॉट हा जोडीचा नाच जमेल अशाच चालीत ते ठेवावे लागे. मूळ वेगाने वाजवले असते तर दोन कडव्यांत निम्मे पाहुणे खुर्च्यांवर परतले असते. पट्टी बदलण्याचे कारण ट्रम्पेट. फोंड्याच्या पेटीवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर ट्रम्पेटला काळी पाच किंवा पांढरी चार सोयीची, आणि गिटारवाल्याला पांढरी तीन किंवा पांढरी सहा. प्रत्येक नव्या गाण्याला यावरून भांडण होई आणि प्रत्येक वेळी ट्रम्पेटवाला जिंकत असे, कारण बँड त्याच्या मामाचा होता. त्यातून ज्या कॅसेटवरून आम्ही शिकलो तीही भरताना यंत्र थोडे वेगात चालले असेल तर मूळ पट्टी आम्हालाही कधी कळलेली नसे. टेपवाले यांनी हे सांगायचे राहून गेले आहे, पण मी त्यांना माफ करतो.

आमच्या यादीत ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांची 'पिसो' आणि 'बेबदो' ही कोंकणी गाणी कायमची असत. १९८४ नंतर तरुण मंडळी शिवोलीच्या रेमो या गायकाची 'गोवन क्रेझी'मधली गाणी मागू लागली, आणि घरात बसून चार ट्रॅकच्या यंत्रावर त्याने ती एकट्याने केली आहेत हे कळल्यावर आम्हा सहा जणांना आपल्या भवितव्याची थोडी काळजी वाटली होती. लॉर्नाची गाणी आपल्या बहिणीने वहीत लिहिली नाहीत याचे आश्चर्य वाटू देऊ नका. ती सगळ्यांना पाठच होती.

आता आपले पाटणा. ते गाणे नव्हे. नाच ऐन रंगात आला की आमच्याकडचा निवेदक, म्हणजे एमसी, ध्वनिक्षेपकावर ओरडून हुकूम देतो, 'चेंज युअर पार्टनर्स'. त्याबरोबर प्रत्येकाने हातातला हात सोडून शेजारच्या जोडीतील व्यक्तीबरोबर नाचायचे असते. एका गाण्यात तो हे चारपाच वेळा तरी म्हणतो, त्यामुळे नवख्याला ते ध्रुपदच वाटणार. त्या काळच्या भोंग्यांतून बाहेर पडताना 'पार्टनर्स'चा 'पाटना' होणे यात नवल काहीच नाही. आमच्या एमसीच्या तोंडून तर तो 'पाटला' असा येई आणि पाटील आडनावाचे एक पाहुणे दर वेळी वळून पाहत.

थिवीकर

हे वाचल्यावर मी तडक ताईला फोन लावला. ती आता बेळगावला असते. 'चेंजुवा पाटना' म्हणजे काय ते सांगितले तेव्हा ती बराच वेळ हसत राहिली आणि मग म्हणाली, की ते गाणे नाही हे तिला त्याच रात्री कळले होते. माटवाच्या कडेला ती आमच्या काकीच्या मागे उभी होती, एमसीने हुकूम दिला आणि नवरीच्या धाकट्या भावाने सरळ येऊन तिच्यापुढे हात केला. काकीने तिचा दंड धरून तिला मागे ओढले. नाच काही झाला नाही. नंतर वहीत सहा गाणी लिहिली आणि त्यांच्याखाली हेही लिहून ठेवले, एवढेच.

तिची एक दुरुस्ती आहे. 'बाबिलो' त्या लग्नात वाजलेच नव्हते. ते तिने दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या पडवीतून ऐकले, माटव सोडवीत असताना कोणीतरी रेकॉर्ड लावली होती. त्यामुळे वहीच्या कोपऱ्यातली नोंद सातांपैकी पाच ओळींना आणि एका हुकुमालाच लागू आहे. वही मी तिला पोस्टाने पाठवतो आहे.